दोन ठोके आणि एक उशिरा

१

दरवर्षी ऑगस्टमध्ये मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला व्यक्तिमत्त्व विकार शिकवते. प्रकार दहा, गट तीन. संशयी, अलिप्त, विक्षिप्त हा पहिला गट. समाजविरोधी, सीमावर्ती, नाटकी, आत्मकेंद्री हा दुसरा. टाळणारा, परावलंबी आणि अतिकाटेकोर हा तिसरा. 'सीमावर्ती' म्हटलं की बेळगावची पोरं हसतातच, आपल्याबद्दलच चाललंय असं त्यांना वाटतं. मी हसू देते. वर्षभरात तेवढ्या एका तासाला ती जागी असतात.

उदाहरणं मी घरची देते, नावं बदलून. संशयी म्हणजे माझे वडील, यमनाप्पा. जन्मभर चहाचा कप आधी नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि मगच प्यायचे, मग तो आईनं त्यांच्यासमोर केलेला का असेना. नाटकी म्हणजे माझी आत्या, जी प्रत्येक लग्नात अक्षतांच्या वेळी चक्कर येऊन पडते. आत्मकेंद्री माझा नवरा. त्याच्याकडे मी चार महिने काढले आणि बेळगावात वडगावला आईच्या घरी परत आले, त्याला आता बारा वर्षं झाली. दहापैकी नऊ प्रकार मला आमच्या गोतावळ्यात मिळालेत. परावलंबी तेवढा मिळाला नाही, त्याचं उदाहरण मी पुस्तकातून देते.

तास संपवताना माझं एक ठरलेलं वाक्य असतं. स्वभाव म्हणजे विकार नव्हे. जो स्वभाव सगळीकडे, सगळ्यांशी सारखाच राहतो, काही केल्या वाकत नाही आणि त्यापायी माणसाचं वाटोळं होतं, तो विकार.

यंदा हे वाक्य म्हणताना मी अडखळले. माझ्या धाकट्या भावाचं, मंथनचं, नेमकं उलटं होतं, आणि पुस्तकात त्याला कप्पा नव्हता.

२

आमच्या सोप्यात, दारातल्या पहिल्याच खोलीत, आप्पांचा खड्ड्यातला हातमाग आहे. सगळ्या गल्लीनं पॉवरलूम बसवले तरी आप्पांनी बसवला नाही. तरुणपणी त्यांचा डावा गुडघा दुखावला होता, त्यामुळे तो पाय मागाच्या पावडीवर उशिरा पडायचा. गल्लीत आमच्या मागाचा आवाज वेगळा ओळखू यायचा. दोन ठोके लागोपाठ आणि एक उशिरा. शाळेतून येताना मी कोपऱ्यावर थांबून ऐकायची. आवाज येत असला तर आप्पा घरात आहेत, जपून जायचं.

आप्पा शिमग्याच्या आसपास गेले. मागावर एक हिरवं लुगडं अर्धं होतं. आमच्यात विणकर गेला तर त्याच्या मागावरचं लुगडं कापून काढत नाहीत. घरातल्याच कुणीतरी त्याच्या जागी बसून ते पुरं करायचं. ते विकायचं नाही, घरच्या बाईनं नेसायचं. मंथन जवळच मच्छ्याला कारखान्यात मशीनवर आहे. सुट्टीच्या दिवशी तो मागावर बसायला लागला. लहानपणी शिकलेलं हात विसरला नव्हता.

जूनमधल्या एका दुपारी मी कॉलेजातून परत येत होते. कोपऱ्यावर आले आणि पाय थांबले.

दोन ठोके. आणि एक उशिरा.

मी चाळीस वर्षांची बाई, मानसशास्त्र शिकवते, आणि मी जपून पावलं टाकायला लागले. दारात जाऊन बघितलं तर मंथन बसलेला. दोन्ही पाय धडधाकट असलेला माझा भाऊ, डावा पाय उशिरा टाकत होता.

"असं का मारायलास रं?"

"कसं गं आक्का?"

"आप्पांसारखं."

"मला काय कळंना. पाय जातोय तसा जाऊ देतोय," तो म्हणाला. मी समोर उभी होते तोवर त्याचे ठोके सरळ, एकसारखे पडत राहिले.

मग मी हातपाय धुवायला आत गेले, तशी आई माझ्या बाजूनं कप घेऊन सोप्यात गेली. तिचं बोलणं मला न्हाणीत ऐकू आलं.

"अवो, च्या घ्या."

माझी आई, ताराबाई, जन्मात नवऱ्याशिवाय कुणालाही असं बोललेली नाही. म्हातारपणी जिभेला सवय असते, असं मी मनाला सांगितलं. मग दारातून डोकावून पाहिलं. मंथननं कप उचलला, नाकाशी नेला, वास घेतला आणि प्यायला.

३

माझ्याकडे या सगळ्याला कारणं होती. बाप गेलेला मुलगा बापाच्या लकबी उचलतो, हे मी स्वतः शिकवते. वर्ष-सहा महिन्यांत जातं. मी हे आईलाही सांगितलं.

"मग काय वाईट हाय त्यात?" आई म्हणाली. "घर भरल्यासारखं वाटतंय. आणि आता आरडत न्हाईत, मारत न्हाईत."

ती अनेकवचनात बोलत होती. मला तिचा राग आला, खरं सांगते. चाळीस वर्षं मार खाऊन ही बाई सुटली असं मला वाटत होतं, आणि ती तर तोच माणूस परत आल्यासारखी सुखावली होती.

हिरवं लुगडं पुरं झालं तेव्हा मी ते उजेडात धरून जोड शोधला. विणकराचा हात अक्षरासारखा असतो, एकाचा दुसऱ्याला येत नाही. एक हात उठून दुसरा बसला की कापडावर ती जागा दिसतेच, कुठं घट्ट, कुठं सैल. मी या घरात वाढले आहे, मला ती जागा बोटानंसुद्धा कळते. पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा बघितलं. आप्पा कुठं संपले ते मला सापडलं नाही.

लुगडं झालं, आता उठ, असं मी त्याला म्हटलं. तो उठला नाही. जुन्या ताण्याच्या टोकांना नवा ताणा एकेक धागा गाठ मारून जोडून घेतला आणि पुन्हा बसला.

मग मी विचारपूस सुरू केली. त्याचा डबा घरी राहिला म्हणून एकदा मच्छ्याला गेले. गेटवर त्याच्यासोबत काम करणारा भरमा भेटला, गडगडाटी हसणारा गडी.

"तुमचा भाव म्हंजे लई टवाळ," भरमा म्हणाला. "शिव्या दिल्याबिगर एक वाक्य न्हाई. मला तर वाटतंय माझाच भाव हाय त्यो."

मंथननं माझ्यासमोर कधी शिवी दिलेली नाही. घरी तो माझ्यासारखा शब्द निवडून बोलतो, तिरकस, कमी. मला त्याचं ते फार आवडायचं. घरात एक तरी माणूस माझ्यासारखं आहे, असं वाटायचं.

सौम्याला फोन केला. सौम्या निपाणीची, तिथंच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. तिच्याशी मंथनचा साखरपुडा झाला होता आणि दिवाळीनंतर लग्न होतं. लग्नानंतर तो निपाणीला जाऊन राहणार, हेही ठरलं होतं.

"आमचं लई जुळतंय आक्का," ती लाजून म्हणाली. "मला जे आवडतंय तेच त्यास्नी आवडतंय. मला पाल दिसली की अंगावर काटा येतोय, त्यास्नी पण येतोय. मी बोलायच्या आदी त्ये बोलत्यात."

मंथन लहानपणी पाली हातात धरायचा.

त्या संध्याकाळी मी साखरपुड्याचे फोटो काढून बसले. दोघांच्या फोटोत तो छान आलाय. आईसोबत छान, सौम्यासोबत छान. घोळक्याचे चार फोटो होते. त्या चारांत सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आणि त्याचा एकट्याचा हललेला. नाक-डोळे आहेत, पण पुसट. कॅमेरावाल्याची चूक, मी म्हटलं. मग आठवायला लागले की हा दोन माणसांत एका वेळी शेवटचा कधी बसला होता. मी आले की आईला काहीतरी आणायला पाठवायचा. आई आली की स्वतः उठायचा. किती वर्षं हे असं चाललं होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं.

४

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. मी जेवून आतल्या खोलीत पेपर तपासत होते, आई देवळात गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास करंट गेला आणि गल्लीतले सगळे पॉवरलूम एकदम थांबले. वडगावात राहणाऱ्याला ती शांतता कळते. कानात दडे बसल्यासारखं होतं.

हातमागाला करंट लागत नाही. तरी आमचाही माग थांबला होता.

मी उठले. हाक मारणार होते, का कुणास ठाऊक, मारली नाही. सोप्याच्या दाराला फट आहे, तिथून बघितलं.

मंथन मागावर बसला होता. उजव्या हातात धाग्याचा धोटा, हात छातीइतका वर. फेकायच्या आधी वर जातो तेवढा. तो तिथंच राहिला होता. पाठ ताठ नव्हती, वाकलेलीही नव्हती. चेहरा माझ्या बाजूला होता. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा काहीतरी असतं. मेलेल्या माणसाच्याही असतं, आप्पांच्या होतं, मी बघितलंय. इथं काही नव्हतं. डोळे उघडे होते आणि ते कुणाचेच नव्हते. ताणा काढून नेलेल्या मागासारखा तो नुसता बसला होता.

मी घड्याळ बघितलं नाही. माझी मान अवघडली, इतका वेळ गेला. त्याचा हात कापलासुद्धा नाही.

मग बाहेर चपलांचा आवाज आला. आई. तिची सावली उंबऱ्यावर पडायच्या आत त्याच्या तोंडाचा डावा कोपरा खाली ओढला गेला, भुवया जवळ आल्या, गळ्याखालचं कातडं सैल झालं. पाय पावडीवर पडला. दोन ठोके, आणि एक उशिरा.

"देवळात लई गर्दी हुती, अवो," आई म्हणाली.

मी आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली. मला माझ्या भावाची भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

५

लाज का वाटली ते सांगते. ही गोष्ट मी वर्गात सांगत नाही.

मंथन सहा वर्षांचा होता, मी चौदा. त्यानं खेळताना ताण्याचे धागे तोडले आणि आप्पांनी त्याला पट्ट्यानं फोडून काढलं. तो रडला म्हणून आणखी मारलं. संध्याकाळी मी त्याला घरामागच्या परड्यात नेलं, पाठीला खोबरेल लावलं आणि त्याला एक खेळ शिकवला. जे माणूस समोर येईल त्याच्यासारखं व्हायचं. आप्पा रागात आले तर आप्पांसारखं बस, आप्पांसारखं बोल, आप्पांसारखं बघ. माणूस दुसऱ्याला मारतंय, स्वतःला मारत नाही.

"आणि मग मी कवा व्हायचं?" त्यानं विचारलं होतं.

"कुणी नसताना," मी म्हटलं.

खेळ लागू पडला. आप्पांनी त्याला परत हात लावला नाही. "माझं रक्त हाय," म्हणायचे. मी तेव्हा स्वतःवर खूष होते, पुढे मानसशास्त्र घेतलं तेही त्याच ऐटीत. दिवसभर कधी आप्पा समोर, कधी आई, कधी मी. दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत त्या पोराला कुणीच समोर नाही असा वेळ मिळालाच नसेल, हे मला त्या दुपारपर्यंत सुचलं नव्हतं.

६

सौम्याला सांगायला हवं होतं. तिचं आयुष्य होतं ते. मी तिला फोन करून रविवारी बोलावलं. तिनं कारण विचारलं नाही, निपाणीहून सकाळच्या एस.टी.नं आली. येताना पेढे आणले, त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

फोनवर सांगता आलं असतं. पण तिनं विश्वास ठेवला नसता, कुणीच ठेवला नसता. म्हणून मी ठरवलं की तिला दाखवायचं. आई, सौम्या आणि मी, तिघी एका खोलीत बसायचं आणि त्याला हाक मारायची. मग तो कोण होईल ते तिनंच बघावं. हा माझा विचार मला अगदी शास्त्रीय वाटत होता.

आई नेमकं हिरवं लुगडं नेसून आली. सौम्या पाटावर बसली. मी खिडकीपाशी खुर्ची घेतली.

"मंथन, जरा ये रं आत," मी हाक मारली.

माग थांबला. तो दारात आला आणि तिथंच उभा राहिला.

आधी त्याची नजर आईवर गेली. तोंडाचा कोपरा खाली उतरला. मग सौम्याकडे गेली आणि ओठांवर तिचं लाजरं हसू आलं. पण कोपरा खालीच होता. मग माझ्याकडे. मग परत आईकडे. चेहरा हलत होता, त्या फोटोतल्यासारखा. घशातून आवाज निघाला, आप्पांचा खाकरा, आणि त्यातच मध्ये एक बारीक "अय्या." आई "अवो, काय हुतंय" म्हणत उठली. सौम्यानं माझा हात धरला.

मी तेव्हा थांबवू शकले असते. दोघींना बाहेर काढायचं, एवढंच. मी बसून बघत राहिले.

मग सगळं एकदम थांबलं. त्याचा हात हळूहळू वर गेला आणि नाकावर नसलेला चष्मा त्यानं बोटानं मागे सारला. दिवसातून शंभर वेळा मी तसं करते. तो सौम्याकडे वळला आणि बोलायला लागला. आवाज पुरुषाचाच होता, पण वाक्य टाकायची तऱ्हा, थांबायच्या जागा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा तो सूर, सगळं माझं.

"तुला इथं सावध करायला बोलावलेलं नाही," तो म्हणाला. "घालवायला बोलावलंय. ह्याला निपाणीला पाठवला की मी कुणाची आक्का? चार महिन्यांत परत आले तेव्हा घरात एकटा हाच माझ्यासारखा बोलायचा. एवढं एकच माणूस मी स्वतःसाठी बनवलंय. ते तुला कशाला देऊ?"

हे खोटं आहे असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण हे शब्द मला नवे नव्हते. इतक्या उघड मी ते कधी मनातही म्हटले नव्हते, तरी नवे नव्हते. सौम्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आमच्या दोघांत कुणाला भ्यावं हे तिला ठरवता येत नव्हतं.

तिनं माझा हात सोडला, पर्स उचलली आणि चप्पल हातात घेऊनच गल्लीत पळाली. पेढ्यांचा बॉक्स पाटाशेजारी तसाच राहिला.

७

त्याला आता तीन महिने झाले. लग्न मोडलं. नोकरीही गेली. एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक नाव लिहून दिलं. ते माझ्या दहांतलं नाही. गोळ्यांनी तो झोपतो.

आई त्याच्यासमोर तासन् तास बसते. हिरवं लुगडं नेसून, चहाचा कप पुढे करून. तो तिच्याकडे बघतो आणि काही होत नाही. आई माझ्याशी त्या रविवारनंतर दोनदाच धड बोलली. पहिल्यांदा म्हणाली, "माझं मालक दोनदा गेलं. दुसऱ्यांदा तू घालिवलंस." दुसऱ्यांदा म्हणाली, "तू जा समोर. तू गेलीस की तेवढा हलतोय."

ते खरं आहे. मी समोर गेले की तो चष्मा मागे सारतो, दोन तिरकस वाक्यं बोलतो, पेपर तपासल्यासारखे कागद चाळतो. आई त्याच्यापुढे ताट ठेवते, तो माझ्यासारखी आमटीतली मिरची बाजूला काढतो. मी नसले की तो काहीच नसतो. म्हणून रोज पाचला कॉलेजातून आले की मी आधी सोप्यात जाते. वर्गात आता घरची उदाहरणं देत नाही. एका मुलीनं परवा विचारलं, मॅडम, परावलंबीचं खरं उदाहरण सांगा ना. मी पुस्तकातलं पान वाचून दाखवलं.

काल मात्र मला आत जावंसं वाटेना. म्हटलं, जरा थांबू, श्वास घेऊ. गल्लीतले लूम चालू होते. सोप्याचं दार लोटलेलं होतं. मी कडीकडे हात नेला.

"मंजू."

आई माझ्या मागं उभी होती. गल्लीत दिवे लागले होते आणि लूम केव्हाच बंद झाले होते. माझा हात छातीइतका वर होता, कडीपासून वीतभर अलीकडे. तो दुखत नव्हता.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. ती एक पाऊल मागं सरकली.

"कवापासनं हुबी हाईस गं?" ती म्हणाली. "मगाशी हाक मारली तवा बी अशीच हुतीस."